चूक कोणत्या ओळींतली?

मालवणच्या बाजारपेठेंतील जुन्या पिढीचा व्यापारी दोन वह्या ठेवीत असे. एक रोजकीर्द व दुसरी खतावणी. दिवसभरांत जो व्यवहार ज्या क्रमानें झाला त्याच क्रमानें तो रोजकीर्दींत उतरे. नारळ, काथ्या, मीठ, सुके मासे, कोणाचें काय आलें व कोणाला काय गेलें, सारें एकाखालीं एक. रात्रीं दुकान मिटल्यावर तेच आंकडे खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढत. खतावणी उघडली कीं कोणाकडे किती येणें आहे हें एका दृष्टिक्षेपांत कळे; रोजकीर्दींतून तें कळण्यास सगळी वही चाळावी लागे. परंतु चांगला दिवाणजी खात्यावर रक्कम चढवितांना तिच्या शेजारीं आणखी एक लहानसा आंकडा लिही. तो रोजकीर्दीच्या पानाचा. वर्षअखेरीस एखाद्या खात्याची बाकी जुळली नाहीं, तर त्या आंकड्यावरून मूळ नोंद क्षणांत सांपडे. ज्यानें तो लिहिण्याचा आळस केला, त्याला दिवाळीच्या तोंडावर साऱ्या वर्षाची रोजकीर्द पुन्हां वाचावी लागे.

या दोन वह्यांचा संबंध ध्यानांत आला म्हणजे संगणकाच्या क्षेत्रांतील एक प्रश्न, जो वरवर पाहतां अगदीं रुक्ष भासतो, सहज उलगडतो. प्रश्न असा कीं, एक्सएमएल नांवाच्या पद्धतीनें लिहिलेला मजकूर आज्ञावलीनें वाचून त्याची मांडणी केल्यावर, त्यांतील एखादी बाब मूळ फायलींत कोणत्या ओळींत व त्या ओळींत कितव्या स्थानीं होती, हें कसें ओळखावयाचें?

एक्सएमएल ही लेखनाची एक शिस्त आहे. १० फेब्रुवारी १९९८ रोजीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. टिम ब्रे, जाँ पाओली व सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन हे तिचे संपादक होते. हिच्यांत प्रत्येक बाबीच्या आधीं कोनी कंसांत तिचें नांव लिहून खूण उघडावयाची व बाब संपली कीं तेंच नांव तिरकी रेघ देऊन लिहून खूण मिटावयाची, एवढाच मुख्य नियम. या खुणेलाच टॅग म्हणतात. उघडलेली प्रत्येक खूण मिटलीच पाहिजे, आणि जी शेवटीं उघडली ती आधीं मिटली पाहिजे. डब्यांत डबा ठेवावा तसें. सुशिक्षित घरांत या पद्धतीचा उपयोग रोज होत असतो, मात्र तो दिसत नाहीं. वर्ड या लेखनसाधनाची आजची फाइल आंतून एक्सएमएलच असते. मराठी विकिपीडियाचा सगळा मजकूर उतरवून घ्यावयाचा तर तो याच रूपांत मिळतो. आणि नौकेवरील किंवा हातांतील जीपीएस यंत्रांत ठिकाणें भरण्यासाठीं जी जीपीएक्स नांवाची रीत २००२ सालापासून चालू आहे, तीही एक्सएमएलचीच.

किनाऱ्यावरील तीन ठिकाणांची एक छोटीशी यादी उदाहरणादाखल घ्यावी. खऱ्या जीपीएक्स फायलींतील खुणांचीं नांवें ठराविक इंग्रजी असतात व आंकडेही इंग्रजी. येथें सोयीसाठीं दोन्हीं मराठींत दिलीं आहेत; खुणांचीं नांवें देवनागरींत लिहिण्यास एक्सएमएलची मुळींच हरकत नाहीं. डावीकडचे आंकडे ओळींचे असून ते फायलीचा भाग नव्हेत.

१  <यादी>
२  <ठिकाण अक्षांश="१६.५६" रेखांश="७३.३३">विजयदुर्ग</ठिकाण>
३  <ठिकाण
४  अक्षांश="७३.४६" रेखांश="१६.०४">सिंधुदुर्ग</ठिकाण>
५  <ठिकाण अक्षांश="१५.८६" रेखांश="७३.६३">वेंगुर्लें</ठिकाण>
६  </यादी>

ही फाइल वाचणाऱ्या आज्ञावलीस पार्सर म्हणतात. शाळेंत वाक्यपृथक्करण करतांना कर्ता, कर्म, क्रियापद वेगळें काढून त्यांचा परस्परसंबंध दाखवितात, तेंच काम पार्सर करतो. तो अक्षरामागून अक्षर वाचीत जातो व त्यांतून एक वृक्ष उभा करतो. ‘यादी’ हें खोड. तिला ‘ठिकाण’ या नांवाच्या तीन फांद्या. प्रत्येक फांदीला अक्षांश व रेखांश हे दोन गुणधर्म आणि आंत गांवाचें नांव. वृक्षाच्या प्रत्येक पेराला नोड म्हणतात. फाइल ही रोजकीर्द आणि वृक्ष ही खतावणी.

पार्सर हा वृक्ष रचतांना पुष्कळ गोष्टी टाकून देतो, आणि त्या टाकून देणें हेंच त्याचें काम आहे. वरच्या यादींत सिंधुदुर्गाची खूण दोन ओळींत मोडली आहे, विजयदुर्गाची एकाच ओळींत आहे. वृक्षांत दोन्हीं सारखींच दिसतात. गुणधर्माची किंमत एकेरी अवतरणांत होती कीं दुहेरी, दोन गुणधर्मांमध्यें एक जागा सोडली होती कीं दहा, हें वृक्षाला ठाऊक नसतें. निरनिराळ्या संगणकांवर ओळीचा शेवट निरनिराळ्या चिन्हांनीं करतात. एक्सएमएलच्या नियमाप्रमाणें पार्सरनें तीं सर्व एकाच चिन्हांत बदलावयाचीं असतात. वृक्षावरून पुन्हां फाइल लिहून काढली तर ती अर्थानें तीच, पण ओळींनीं निराळी होते. वृक्ष कितीही बारकाईनें न्याहाळला तरी त्यांतून मूळ ओळीचा आंकडा निघत नाहीं. मुळांत तो तेथें लिहिलेलाच नसतो. वृक्षाच्या रचनेचें जें डॉम नांवाचें प्रमाण १९९८ सालीं ठरलें, त्यांत नोडाचें नांव, त्याचे गुणधर्म, त्याचा जनक, त्याचीं अपत्यें या सर्वांची सोय आहे. ओळीच्या आंकड्याला मात्र जागा नाहीं.

आतां हा आंकडा हवा तरी कशाला? फायलींत चूक झाली तर पार्सर स्वतःच ओळ सांगून थांबतो, असा अनुभव पुष्कळांस असेल. तो खरा आहे. पण तो एकाच जातीच्या चुकांपुरता. खूण मिटावयाची राहिली, अवतरण तुटलें, अशा रूपाच्या चुका पार्सरला वाचतां वाचतां आढळतात व त्या क्षणीं तो कोणत्या ओळींत आहे हें त्याला माहीत असतें. दुसऱ्या जातीच्या चुका अर्थाच्या. वरच्या यादींत तशी एक आहे. सिंधुदुर्गाचे अक्षांश सुमारें १६.०४ व रेखांश सुमारें ७३.४६, चवथ्या ओळींत त्यांची अदलाबदल झाली आहे. रूपाच्या दृष्टीनें ती ओळ निर्दोष आहे. जीपीएक्सचा नियमही मोडलेला नाहीं, कारण अक्षांश शून्यापासून नव्वदपर्यंत कांहींही असूं शकतो व ७३.४६ त्यांत बसतो. फक्त महाराजांनीं १६६४ ते १६६७ या काळांत कुरटे बेटावर बांधलेला किल्ला नॉर्वेच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रांत जाऊन बसतो!

एवढी ढोबळ चूक नकाशा उघडतांच दिसेल. भीति असते ती लहान चुकीची. मालवण बंदराच्या तोंडाशीं खडकांच्या रांगा आहेत. कांहीं पाण्याबाहेर, कांहीं भरतीला झांकून जाणाऱ्या. सिंधुदुर्गाला जें संरक्षण लाभलें त्यांत या खडकांचा वांटा तटाइतकाच होता. अक्षांशाच्या आंकड्यांत दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या घरांत एकाचा फरक पडला, तर जागा सुमारें १.१ किलोमीटरनें सरकते. काळोखांत परतणाऱ्या होडीच्या तांडेलानें यंत्रांतील अशा आंकड्यावर विसंबून सुकाणूं फिरविलें, तर खडक चुकावयाचा तोच गांठेल. म्हणून अशा याद्या यंत्रांत भरण्यापूर्वीं दुसऱ्या आज्ञावलीनें तपासावयाच्या असतात: प्रत्येक ठिकाण किनाऱ्याच्या पट्ट्यांत येतें काय, दोन ठिकाणें एकमेकांवर आलीं नाहींत ना, एकच नांव दोनदां पडलें नाहीं ना. ही तपासणी वृक्ष उभा राहिल्यावरच होऊं शकते. दोन फांद्यांची तुलना करावयाची तर दोन्हीं समोर हव्यात. आणि तोंपर्यंत पार्सर आपलें काम आटोपून निघून गेलेला असतो. तपासनीस आज्ञावली म्हणते, “एक ठिकाण चुकीचें आहे.” दहा हजार ओळींच्या फायलींत तें कोठें शोधावें?

उपाय दिवाणजीचाच. नोंद खात्यावर चढवितांनाच पानाचा आंकडा लिहावयाचा, मागाहून नव्हे.

तो प्रत्यक्षांत कसा आणतात तें पाहण्यासारखें आहे. डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकारानें १९९८ सालीं सॅक्स नांवाची वाचनपद्धति सिद्ध झाली. हिच्यांत पार्सर वृक्ष बांधीतच नाहीं. तो वाचीत जातो व “अमुक खूण उघडली”, “एवढा मजकूर आला”, “अमुक खूण मिटली” अशी वर्दी देतो. वृक्ष हवा असेल त्यानें तो आपला आपण बांधावा. वर्दी देण्यापूर्वीं पार्सर लोकेटर नांवाचें एक साधन हातीं देतो. त्याला चार गोष्टी विचारतां येतात: ओळ, त्या ओळींतील स्थान, फाइल कोणती, व फायलीचें सार्वजनिक नांव असल्यास तें. खूण उघडल्याची वर्दी येतांच नवा नोड तयार करावयाचा, लोकेटरला ओळ व स्थान विचारावयाचें, आणि ते दोन आंकडे त्या नोडाच्या अंगावर टांचून ठेवावयाचे. येथें नवशिके एक गफलत हटकून करतात. आंकड्यांऐवजीं ते लोकेटरच नोडाशीं बांधून ठेवतात. लोकेटर हा घड्याळाच्या कांट्यासारखा आहे. तो वर्दी चालू असेपर्यंतच खरा. वाचन संपल्यावर साऱ्या नोडांचे लोकेटर एकच उत्तर देतात.

जेम्स क्लार्क यांनीं रचलेला एक्सपॅट नांवाचा पार्सरही असाच वर्दी देणारा. पायथन भाषेंतील एलिमेंटट्री ही वृक्षरचना त्याच्याच वाचनावर उभी आहे. तरीही तिच्या नोडांत ओळ राहत नाहीं. पार्सरला ठाऊक असलेली गोष्ट वृक्ष बांधणाऱ्यानें विचारलीच नाहीं, एवढेंच त्याचें कारण. त्याच भाषेंतील एलएक्सएमएल हें साधन मात्र प्रत्येक नोडाबरोबर त्याची ओळ ठेवतें. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्यें फाइल उघडतांनाच ओळींची माहिती ठेवण्याची आज्ञा द्यावी लागते. ती न दिल्यास वृक्ष तयार होतो पण आंकडे कोरेच राहतात. ही सक्ति अकारण नाहीं. लाखों नोडांच्या वृक्षांत प्रत्येकाबरोबर दोन आंकडे वागविण्यास स्मृतीची जागा लागते, व ज्याला नको त्याच्यावर तो भार कां टाकावा, असा विचार त्यामागें आहे. काटकसर कधीं कधीं अंगाशींही येते. एलएक्सएमएल ज्या लिबएक्सएमएल-टू या पार्सरवर चालतें, त्याच्या रचनेंत ओळीच्या आंकड्यासाठीं सोळा बिटांचीच जागा राखली गेली. तींत ६५,५३५ च्या पुढचा आंकडा मावत नाहीं. मराठी विकिपीडियाच्या संपूर्ण मजकुराएवढी फाइल अशा वाचनानें वाचली, तर त्या आंकड्यापुढच्या प्रत्येक नोडाची ओळ ६५,५३५ अशीच सांगितली जाई. मोठ्या आंकड्यांची निराळी सोय पुढें करण्यांत आली, पण ती मागून घ्यावी लागते.

ओळ हातीं आली तरी ती वाचावयाची कशी हेंही समजून घेतलें पाहिजे. वरच्या यादींतील सिंधुदुर्गाची खूण तिसऱ्या ओळींत उघडते व तिचा कंस चवथ्या ओळींत पुरा होतो. एक्सपॅटला विचारलें तर तो वर्दीचें पहिलें अक्षर जेथें आहे तें ठिकाण सांगतो, म्हणजे तिसरी ओळ. सॅक्सचा लोकेटर वर्दीचा मजकूर जेथें संपला त्याच्या लगेच पुढचें ठिकाण सांगतो, म्हणजे चवथी ओळ. दोघेही खरें बोलतात. स्थानाचें तर याहून विचित्र. दोघेही ओळी एकापासून मोजतात. परंतु ओळींतील स्थान सॅक्स एकापासून मोजतो आणि एक्सपॅट शून्यापासून.

मराठी वाचकाला याहून निकटची अडचण पुढेंच आहे. ‘स्थान’ म्हणजे कितवें अक्षर. पण अक्षर म्हणजे काय? ‘सिंधुदुर्ग’ या शब्दांत शाळेंतल्या मुलाला विचारलें तर तो चार अक्षरें सांगेल: सिं, धु, दु, र्ग. संगणकाच्या युनिकोड वर्णमालेंत स, इकार, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्ताचें चिन्ह व ग असे दहा स्वतंत्र संकेत आहेत. आणि फाइल ज्या यूटीएफ-८ पद्धतीनें सांठविली जाते, तींत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात; म्हणजे तीस. एकच शब्द, पण त्याची लांबी चार, दहा किंवा तीस. एक्सपॅट स्थान संकेतांच्या हिशेबानें सांगतो, आणि निराळें विचारल्यास फायलीच्या आरंभापासून किती बाइट झाले तेंही सांगतो. इंग्रजी मजकुरांत हे आंकडे बहुधा एकच येतात, त्यामुळें साधन रचणाऱ्याच्या लक्षांतही हा भेद येत नाहीं. मराठी मजकुरांत मात्र पार्सरनें विसावें स्थान म्हटलें व वाचकानें पडद्यावर विसावें अक्षर मोजलें, तर बोट भलत्याच शब्दावर पडतें. आपलें साधन कोणत्या मापानें मोजतें तें एकदां एखाद्या जोडाक्षरी शब्दावर पारखून घ्यावें. दहा मिनिटांचें काम आहे.

रूपाच्या चुकीची ओळ पार्सर आपण होऊन सांगतो असें वर म्हटलें. त्यालाही एक पुरवणी जोडली पाहिजे. समजा, दुसऱ्या ओळींत विजयदुर्गाची खूण मिटावयाची राहिली. पार्सरला त्यांत तेथें कांहींच वावगें दिसणार नाहीं. पुढचीं दोन ठिकाणें विजयदुर्गाच्या पोटांत आहेत अशा समजुतीनें तो वाचीत जाईल, आणि सहाव्या ओळींत ‘यादी’ मिटूं लागली तेव्हां अडेल. एक्सपॅट एवढेंच म्हणतो कीं सहाव्या ओळींत खुणा जुळत नाहींत. चूक झाली दुसऱ्या ओळींत, आढळली सहाव्या. लिबएक्सएमएल मात्र सांगतें कीं दुसऱ्या ओळींत उघडलेलें ‘ठिकाण’ येथल्या ‘यादी’शीं जुळत नाहीं. उघडलेल्या प्रत्येक खुणेची ओळ तें तिच्याबरोबर जपून ठेवतें म्हणूनच त्याला हें बोलतां येतें. हजार ओळींच्या फायलींत या एका शब्दानें सबंध दुपार वांचते.

एका व्यापाऱ्याचीं दुकानें मालवण व वेंगुर्लें अशा दोन पेठांत असलीं, तर नुसता पानाचा आंकडा पुरत नाहीं. कोणत्या दुकानची वही तेंही लिहावें लागतें. एक्सएमएल फाइल आपल्या पोटांत दुसऱ्या फायलीचा मजकूर ओढून घेऊं शकते. अशा वेळीं “ओळ ४” या उत्तराला अर्थ उरत नाहीं. लोकेटर फायलीचें नांव सांगूं शकतो तें याचसाठीं, आणि नोडावर आंकडे टांचतांना तें नांवही टांचणें शहाणपणाचें. तसेंच, वृक्षांत मागाहून फेरफार केले तर जुन्या नोडांवर जुनेच आंकडे राहतात व नव्या नोडांवर कांहींच नसतें. दोन्हीं गोष्टी तपासनीस आज्ञावलीनें गृहीत धराव्या लागतात.

कांहीं फायलींत ओळीचा आंकडा बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो. वर्डच्या फायलींतील मुख्य मजकुराचा भाग उघडला तर त्यांत बहुधा दोनच ओळी आढळतात. पहिली प्रस्तावनेची, आणि दुसरींत शंभर पानांचा सारा ग्रंथ! तेथें “ओळ २” म्हणणें म्हणजे “ग्रंथांत कोठें तरी” म्हणणें होय. अशा वेळीं बाइटांची मोजदाद कामास येते, किंवा वृक्षांतील मार्ग सांगतात. ‘यादींतील दुसरें ठिकाण’ हा एक मार्ग झाला. असे मार्ग लिहिण्याची एक्सपाथ नांवाची रीत १६ नोव्हेंबर १९९९ रोजीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आहे. ओळी मोडल्या किंवा सांधल्या तरी मार्ग बदलत नाहीं, हा त्याचा गुण. परंतु विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांच्या मध्यें कोणी देवगड घातलें कीं दुसरें ठिकाण तिसरें होतें.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ सालीं सुरू झालेला लोकसहभागाचा जागतिक नकाशाही एक्सएमएल रूपांत उतरवून घेतां येतो, आणि त्यांत पृथ्वीवरील प्रत्येक बिंदूला ‘नोड’ हेंच नांव आहे. तेथें प्रत्येक नोडाला स्वतःचा एक क्रमांक दिलेला असतो. फाइल कोणीही कितीही वेळां उतरवून घेतली, तिच्या ओळी इकडच्या तिकडे झाल्या, मध्यें नवे बिंदू आले, तरी तो क्रमांक नोडाच्या अंगावरच राहतो. त्यामुळें त्या नकाशांतील चुका हुडकणाऱ्या आज्ञावल्या ओळ न सांगतां हा क्रमांकच सांगतात.